जडावाचे जुने फर्निचर घेताना आधी मागची बाजू पाहा

शिंपल्याच्या जडावाची पेटी समोर आली की नजर झाकणावरच्या चकाकीवर खिळते. संग्राहकाने मात्र आधी पेटीचा तळ, पाठ आणि खणांच्या आतली बाजू पाहावी, कारण तिथे सजावटीचा पडदा नसतो. हाताने रंधलेल्या फळीवर किंचित उंचसखल पट्टे बोटांना जाणवतात. गोल करवतीच्या वर्तुळाकार रेषा दिसल्या, तर निदान ती फळी यंत्रयुगातली आहे.

त्यानंतर काम कोणत्या परंपरेतले आहे हे ठरवावे. सीरियातील दमास्कसचे कारागीर अक्रोडाच्या लाकडात खाचा कोरून शिंपला बसवतात आणि त्याच्या कडेने कथलाची बारीक तार ठोकतात. ऑटोमन इस्तंबूलमध्ये शिंपल्याच्या जोडीला कासवाचे कवच असे. तिथे या कलेला एवढा मान होता की सुलतान अहमद मशिदीचा (१६०९–१६१६) वास्तुकार मेहमेद आगा ‘सेदेफकार’, म्हणजे शिंपल्याचे जडावकाम करणारा, या बिरुदानेच ओळखला जातो. इराणमधील शिराज आणि इस्फहानच्या खातमकारीत कोरणे नसतेच. लाकूड, हाड व पितळ यांच्या बारीक काड्या सरसाने जुडीत बांधून तिचे पातळ आडवे काप पृष्ठभागावर चिकटवतात.

आता भिंग हाती घ्यावे. खरा शिंपला स्पर्शाला थंड लागतो आणि तिरपा धरल्यावर त्याचा रंग पालटतो. हाडावर सूक्ष्म काळसर ठिपके व रेघा असतात, तर हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. खरे-खोटे ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचून पाहण्याची परीक्षा विक्रेते सुचवतात. ती वस्तूला कायमचा डाग देते, म्हणून करू नये. थोडे तुकडे गळालेले असणे हा माझ्या मते दोष नाही. दीडशे वर्षांच्या वस्तूत एकही तुकडा सैल नसेल तर दुरुस्ती कुठे झाली, हे विचारावे.

हाड, हस्तिदंत आणि कवच यांतला फरक कायद्यासाठीही महत्त्वाचा आहे. हस्तिदंत व समुद्री कासवाचे कवच यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कडक निर्बंध आहेत आणि ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा देशांतर्गत विक्रीलाही लागू होतो. सीरियातून १५ मार्च २०११ नंतर बेकायदा बाहेर नेलेल्या सांस्कृतिक वस्तूंचा व्यापार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २०१५ च्या ठरावाने रोखला आहे. त्यामुळे सीरियातील वस्तू त्याआधीच देशाबाहेर आल्याची जुनी पावती किंवा लिलावाची नोंद नसेल, तर कितीही देखणी असली तरी ती सोडून द्यावी.

घरी आणलेली वस्तू ओल्या फडक्याने कधीही पुसू नये, कारण पाण्याने सरस सुटतो. हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राखावी आणि ऊन व हीटर यांपासून वस्तू दूर ठेवावी. तुकडा निखळलाच, तर तो पाकिटात घालून त्यावर जागा लिहावी आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाऐवजी संवर्धकाची, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाची, वाट पाहावी.