जुन्या मोटरहोमचं ॲव्हरेज: गॅलनला आठ मैल धरून चाला

गॅलनला ८ मैल. अमेरिकेत पेट्रोलवर चालणारी जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घ्यायचं मनात असेल, तर हा आकडा आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मग सहलींचे बेत करा. लिटरमागे साधारण ३.४ किलोमीटर. कारच्या ॲव्हरेजची सवय असलेल्या माणसाच्या पोटात हे ऐकून गोळा येतो. पण आठ मैल देणारी जुनी मोटरहोम तब्येतीने ठणठणीत असते आणि तिच्यातून वर्षानुवर्षं सुखाने फिरता येतं. घेताना कुणी १४ सांगितलं असेल, तर मात्र पहिल्याच लांबच्या फेरीत घरात वाद सुरू होतात.

आमची गाडी १९९४ ची आहे. फोर्ड ई-३५० च्या चॅसीवर बांधलेली २५ फुटी क्लास सी, म्हणजे पुढे व्हॅनची केबिन आणि मागे घर. आत ४६० इंजिन (हा आकडा घन इंचांतला), म्हणजे ७.५ लिटरचं व्ही-८. माणसं, सामान, पाणी धरून वजन १०,५०० पौंडांच्या आसपास. स्टिअरिंग बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात असतं, वही माझ्या. माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशोब तपासण्यात गेली, त्यामुळे पेट्रोलची प्रत्येक पावती मी त्याच नजरेने बघते. सगळ्या वर्षांचा मिळून आमचा आकडा आठच्या किंचित वर येतो. वायोमिंगमध्ये आय-८० या इंटरस्टेट महामार्गावर समोरून वारा असताना तो सहावर आलाय, आणि आयोवाच्या गावरस्त्यांवरून शांत हवेत ताशी पंचावन्न मैलांनी जाताना साडेनऊलाही पोचलाय. गाडी तीच, इंजिन तेच.

कारच्या काचेवर सरकारी ॲव्हरेजचा कागद चिकटवलेला असतो, तसा या गाड्यांना कधी नव्हता. ८,५०० पौंडांपेक्षा जास्त वजनक्षमता असलेल्या गाड्या त्या काळी त्या चाचणीत येतच नव्हत्या. त्यामुळे भरवसा फक्त मालकांनी ठेवलेल्या नोंदींवर. त्यातून साधारण असं दिसतं: सत्तरच्या दशकातली डॉज ४४० इंजिनाची, कार्बोरेटर आणि तीन गिअरवाली गाडी ६ ते ८ देते. शेव्हरोले पी-३० चॅसीवरच्या, ४५४ इंजिनाच्या मोठ्या, बससारख्या क्लास ए गाड्याही तेवढंच देतात. फोर्ड ४६० क्लास सीमध्ये ७ ते ९, क्लास एमध्ये थोडं कमी. १९९७ पासून आलेलं फोर्डचं ६.८ लिटरचं व्ही-१० जरा बरं, क्लास सीमध्ये ८ ते १०. १९७३ ते १९७८ या काळातली जीएमसीची ती बुटकी, पुढच्या चाकांवर चालणारी सुंदर मोटरहोम ८ ते १० देते, कारण ती खालून-वरून हवेला कमी अडते. १३-१४ च्या पुढचा आकडा खरोखर हवा असेल, तर टोयोटाच्या छोट्या चार सिलिंडरवाल्या गाड्या किंवा क्लास बी, म्हणजे व्हॅनच्या आतच घर थाटलेल्या गाड्या बघा. मग जागेची आणि चढावरच्या दमाची अपेक्षा मात्र सोडा.

इंजिनांमधला फरक मैल-दीड मैलाचा आहे, हे लक्षात आलं असेल. निव्वळ ॲव्हरेजसाठी एक गाडी सोडून दुसरी घेऊ नका. छत गळत नाही ना, लाकूड कुजलेलं नाही ना, हे बघून घ्या. गळक्या छताच्या दुरुस्तीत कित्येक वर्षांचं पेट्रोल जातं.

इतकं का पितात

मोटरहोम म्हणजे रस्त्यावरून पळवलेलं कपाट. आठ फूट रुंद, दहा-अकरा फूट उंच आणि समोरून सपाट. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाला इंजिनाची बरीचशी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, वजन ओढण्यात त्याहून खूप कमी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ५५ ऐवजी ६५ ने गेलात, तर तो सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. ५५ ने जाताना समोरून १५ मैलांचा वारा असेल, तर गाडीला हवा ७० ची लागते आणि विरोध शांत हवेच्या तुलनेत ६० टक्क्यांहून जास्त होतो. आमचा वायोमिंगमधला सहाचा आकडा इथून आला.

या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या ज्या काळात रस्त्यावर आल्या, त्या काळी देशभर वेगमर्यादाच ५५ होती. १९७४ मध्ये ती लागू झाली, १९८७ मध्ये शहराबाहेरच्या इंटरस्टेटवर ६५ ची मुभा मिळाली आणि १९९५ मध्ये ती राष्ट्रीय मर्यादा रद्द झाली. आज शेजारून ट्रक पंचाहत्तरने जातो म्हणून आपण त्याच्या मागे धावायचं, हे जुन्या गाडीच्या इंजिनाला, टायरला आणि खिशाला, कुणालाच मानवत नाही.

आधी नीट मोजा

खोट्या आकड्यांचा उगम इथेच आहे. समजा, गाडी २०० मैल चालली आणि २५ गॅलन पेट्रोल बसलं. ॲव्हरेज ८. पण दुसऱ्या पंपाची जागा जरा उतरती होती, नळी लवकर बंद झाली आणि २२ गॅलनच बसलं, तर तोच प्रवास ९.१ दाखवतो. पुढच्या वेळी ती उधारी फिटते आणि आकडा सातच्या आसपास पडतो, पण माणसाच्या लक्षात राहतं ते ९.१.

म्हणून एकाच टाकीवरून काहीही ठरवू नका. नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबा. वरून आणखी ओतू नका. गाडी सपाट जागी उभी असू द्या. दोन टाक्यांची गाडी असेल तर दोन्ही फुल करून मगच नोंद करा. मैल, गॅलन, तारीख, वाऱ्याची दिशा आणि साधारण वेग एवढं लिहा, आणि बऱ्याच टाक्यांचे एकूण मैल भागिले एकूण गॅलन करा. प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी काढली तर उत्तर चुकतं, कारण छोटी टाकी आणि मोठी टाकी सारख्याच तोलाची धरली जाते.

मैल मोजणारा ओडोमीटरही तपासा. मूळ मापापेक्षा वेगळे टायर बसवलेले असतील तर तो खोटं सांगतो. इंटरस्टेटच्या कडेला मैलांचे खांब असतात. दहा खांबांमध्ये ओडोमीटर किती फिरतो ते बघा आणि त्या प्रमाणात हिशोब दुरुस्त करा.

आणि जनरेटर विसरू नका. तो बहुतेक गाड्यांत मुख्य टाकीतूनच पेट्रोल घेतो. चार किलोवॅटचा जनरेटर एसी चालवताना तासाला अर्ध्या गॅलनच्या आसपास खातो. भारतातून आई-बाबा आले, दुपारी त्यांना गाडीत गार झोप हवी, म्हणून तीन-चार तास जनरेटर चालला, की दोन गॅलन तिथेच गेले. ते चालण्याच्या खात्यात टाकू नका. जनरेटरवर तासांचा मीटर असतो, त्यावरून वजा करा. त्याची नळी टाकीत मुद्दाम वर बसवलेली असते, म्हणजे पाव टाकी उरली की जनरेटर बंद पडतो आणि गाडी पंपापर्यंत जाऊ शकते. तो अचानक थांबला तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी पेट्रोलचा काटा बघा.

चालवण्यात काय वाचतं

वेग ५५ ते ६० ठेवा. बाकी सगळ्या युक्त्या एकत्र केल्या तरी एवढं वाचत नाही. ३०० मैलांचा दिवस ६५ ने साडेचार तासांपेक्षा थोडा जास्त, ५७ ने सव्वापाच तास. चाळीसेक मिनिटांचा फरक. तेवढ्यात आमच्याकडे दीड मैल ॲव्हरेज वाढतं, आणि चालवणारा संध्याकाळी दमलेला नसतो, जे मला पेट्रोलपेक्षा मोलाचं वाटतं.

जोराचा वारा समोरून असेल तर शक्य असल्यास निघूच नका. सकाळी लवकर वारा बहुधा पडलेला असतो. पहाटे निघून दुपारी मुक्काम करा. वारा पाठीवर असेल त्या दिवशी लांबचा टप्पा मारा.

चढावर क्रूझ कंट्रोल बंद. तो वेग राखायच्या नादात गिअर खाली-वर करत राहतो आणि पेट्रोल ओततो. ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरचं बटण बंद करा, पाय स्थिर ठेवा, वेग ४५ वर आला तर येऊ द्या. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० वरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना, तो ११,००० फुटांहून उंचावर आहे, ॲव्हरेज चार-पाचवर येणारच. त्याचं दुःख करू नका. पलीकडच्या उतारात त्यातलं थोडं परत मिळतं. मात्र उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल कधीही करायचं नाही. खालचा गिअर लावा आणि इंजिनाला गाडी धरू द्या. तापलेल्या ब्रेकनी इतकं वजन थांबत नाही.

कार्बोरेटरवाली गाडी असेल तर डॅशबोर्डवर व्हॅक्यूम मीटर बसवून घ्या. पाय किती खोल गेलाय ते तो क्षणोक्षणी दाखवतो. इंधन इंजेक्शनवाल्या गाडीलाही उपयोगी आहे, पण कार्बोरेटरच्या गाडीत हवा-पेट्रोल आत सोडणाऱ्या चार बॅरलपैकी मागचे दोन उघडण्याआधी पाय थांबवायला शिकवणारं दुसरं स्वस्त साधन मला माहीत नाही.

वजनाची काळजी बेतानेच करा. ४० गॅलन पाणी म्हणजे सुमारे ३३४ पौंड, आमच्या गाडीच्या वजनाच्या तीन टक्के. मुक्कामाला नळ असेल तर एक तृतीयांश टाकी पुरते. रानात राहणार असाल तर भरून घ्या, ॲव्हरेजपायी तहानलेले राहू नका. मागे छोटी कार ओढणार असाल तर अर्धा ते एक मैल कमी धरा.

आकडा सहाच्या खाली राहिला तर

वारा नाही, घाट नाही, आणि तरी पाच-साडेपाचच येतंय, तर गाडी काहीतरी सांगतेय.

आधी टायर. हवा दारावरच्या पाटीवरून नव्हे, प्रत्यक्ष वजनावरून ठरवा. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर पुढच्या-मागच्या एक्सलचं वजन करून घ्या आणि टायर कंपनीच्या तक्त्यात बघा. दुसरं, अडकलेला ब्रेक. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे फार होतं. पंधरा-वीस मैल चालवून, ब्रेक न दाबता हळू थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही कोपऱ्यांतल्या चाकांचं तापमान बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर चोर सापडला.

तिसरं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी झडप. तो उघडाच अडकला तर इंजिन पुरेसं तापत नाही, आणि इंजेक्शनचा कॉम्प्युटर इंजिन अजून थंडच आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. स्वस्तातला सुटा भाग आहे, आधी तो बदला. जुना ऑक्सिजन सेन्सरही असंच करतो. ४६० आणि ४५४ या दोघांचीही एक ओळखीची व्यथा म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला गेलेली भेग किंवा तुटलेला बोल्ट. थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक आवाज येतो आणि तापलं की कमी होतो. त्या फटीतून बाहेरची हवा सेन्सरपर्यंत गेली की तो फसतो आणि पेट्रोल वाढतं. कार्बोरेटरच्या गाडीत चोक पूर्ण उघडतोय ना ते बघा. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग तर नेहमीचंच.

क्लास सीमध्ये दोन सीटांच्या मधल्या इंजिनाच्या झाकणापाशी पेट्रोलचा वास आला, तर ॲव्हरेजचा विचार बाजूला ठेवा आणि गाडी थांबवा. जुन्या रबरी नळ्या आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने लवकर खराब होतात. गाडी घेतल्यावर त्या सगळ्या बदलून घेणं हा आगीपासूनचा बचाव आहे. त्यात काटकसर नको.

पेट्रोलच्या नळीवर लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या बाटल्या, यांवर पैसे घालू नका. महागडं प्रीमियमही नको. ही इंजिनं कमी कॉम्प्रेशनची आहेत, नेहमीच्या ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर समाधानी असतात. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ॲव्हरेज तीनेक टक्के कमी होतं, ते सोसायचं.

सहलीचा हिशोब

३,००० मैलांच्या फेरीला आठच्या हिशोबाने ३७५ गॅलन. दर साडेतीन डॉलर धरला तर १,३१२ डॉलर. गाडी दहा देणारी असती तर १,०५०. म्हणजे एवढ्या मोठ्या फेरीत फरक अडीचशे डॉलरच्या जरा वर, कॅम्पग्राउंडच्या काही रात्रींचा खर्च. खरी बचत खालच्या आकड्यांत असते: सातावरून आठावर आलात तर हजार मैलांमागे १८ गॅलन वाचतात, नवावरून दहावर गेलात तर ११. म्हणून आजारी गाडी बरी करण्यात पैसे घाला, बरी गाडी आणखी ताणण्यात नको.

बजेट आठने करा, पण पल्ला मोजताना सहाच धरा. टाकीचा पाव भाग राखीव ठेवून उरलेल्या गॅलनला सहाने गुणा. तेवढ्या मैलांच्या आत पुढचा पंप हवा. युटामध्ये आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना हा शंभराहून जास्त मैलांचा टप्पा आहे, मध्ये एकही पंप नाही आणि चढ आहेत. अशा ठिकाणी निघायच्या गावातच टाकी फुल करायची. पंप निवडताना छपराची उंची आणि बाहेर पडायची वाट बघा, आणि वळण अवघड दिसलं तर दोन सेंट जास्त देऊन ट्रक स्टॉपवर जा. गाडीची उंची छतावरच्या एसीसकट मोजून चिठ्ठी सनवायझरला लावून ठेवा.