रोमान्सच्या वाटेला जाण्याआधी एक वेगळा सेव्ह

नवीन आरपीजी (पात्र बनवून त्याची भूमिका खेळायचा गेम) लावली की पात्र बनवण्याआधी मी सेटिंग्ज उघडते. ही सवय मला एका रात्रीत लागली. हॉलमधल्या टीव्हीवर 'बाल्डर्स गेट ३' चालू होता. छावणीत विजयाची मेजवानी रंगली होती. लाएझेल नावाच्या सोबतिणीने रात्री भेटायचं विचारलं, आणि मी न वाचताच 'हो'वर बटण दाबलं. पुढचं दृश्य सुरू व्हायला आणि आई पाणी प्यायला बाहेर यायला एकच गाठ पडली.

या गेममध्ये दोन वेगळे पर्याय आहेत: एक गुप्तांगं दाखवण्याचा, दुसरा एकूणच नग्नतेचा. दोन्ही बंद केले तरी दृश्य टळत नाही, अंगावर कपडे राहतात एवढंच. 'सायबरपंक २०७७'मध्येही नग्नता झाकायची सोय आहे. विकत घेण्याआधी वयाचा शिक्का बघाच, पण नुसता आकडा पाहून थांबू नका. ईएसआरबीचा (गेमना वयाचा शिक्का देणाऱ्या अमेरिकी संस्थेचा) 'एम' म्हणजे १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी, पण तो निव्वळ रक्तपातामुळेही मिळतो. शेजारच्या बारीक अक्षरांत लैंगिक दृश्यं आहेत का, ते लिहिलेलं असतं.

खरी गोम संवादांत आहे. सोबत्यांची मर्जी आकड्यांत मोजली जाते, आणि साधं चांगलं वागलं तरी ती वाढते. २०२३मध्ये 'बाल्डर्स गेट ३' आला तेव्हा गेल नावाचा जादूगार जरा जास्तच लवकर गळ्यात पडायचा. तो बग (प्रोग्राममधली चूक) होता, हे गेम बनवणाऱ्या लॅरियनच्या प्रमुखांनी नंतर कबूल केलं. (मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय.) तेव्हा विषय निघाला की सरळ नकार द्या, मैत्री सहसा तुटत नाही. 'ड्रॅगन एज २'सारख्या गेममध्ये तर लाडीगोडीच्या वाक्यापुढे बदामाचं चिन्हच असतं. नको असेल तर तिकडे जाऊच नका.

हवं असेल तर आधी वेगळा सेव्ह करा, म्हणजे बिनसलं तर तिथूनच परत खेळता येतं. 'विचर ३'मध्ये मी ट्रिस आणि येनेफर दोघींनाही प्रेमाची कबुली देऊन बसले. दोघींनी मिळून माझ्या नायकाला, गेराल्टला, पलंगाला बांधलं आणि निघून गेल्या. माझा जुना सेव्ह कित्येक तास मागचा होता.

भेटवस्तूंनी मन जिंकायची पद्धत मला फारशी पटत नाही. 'स्टारड्यू व्हॅली'त ती शोभते: आठवड्याला दोन भेटी, आठ बदामांना पुष्पगुच्छ, दहाला लग्नाची मागणी. गेमचा सगळा जीवच रोजच्या कामात आहे. पण 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये मॉरिगनला दागिने देत सुटलं की तिची मर्जी वाढत जाते, आणि आपण मशीनमध्ये नाणी टाकतोय असं वाटायला लागतं. २००७च्या पहिल्या 'विचर'मध्ये तर प्रत्येक शय्यासोबतीमागे एक चित्रपत्ता मिळायचा. तो प्रकार आज बघवत नाही.

याच्या उलट 'बाल्डर्स गेट ३'मधला सोबती अ‍ॅस्टारियन. पुढचं रहस्य आधीच कळायला नको असेल तर इथेच थांबा. तो सुरुवातीलाच जवळ येतो, आणि दुसऱ्या अंकात कबूल करतो की ती सगळी स्वतःला वाचवण्यासाठीची चाल होती. त्या संवादात घाई करू नका. मिठी मारायचा पर्याय येतो, तो घ्या. त्यानंतर बराच काळ शरीराचा विषय निघत नाही, आणि मला त्याची सगळ्यात चांगली वाक्यं त्याच काळात सापडली.