गावातलं क्रीडांगण सगळ्या मुलांसाठी: आधी वाट, मग खेळणी

गल्लीची पंच कमिटी असो वा ग्रामपंचायत, क्रीडांगणाचा विषय निघाला की सगळ्यात आधी टेबलावर कॅटलॉग येतो. तो बाजूला ठेवा. गेटपासून झोपाळ्यापर्यंत, पाण्याच्या नळापर्यंत आणि संडासापर्यंत व्हीलचेअरवरच्या मुलाला कुणी न उचलता जाता येईल का, हे आधी ठरवा. ही वाटच नसेल तर खास झोपाळा बसवूनही उपयोग नाही. सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता यायला हव्यात असं 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. ग्रामसभेत मुद्दा मांडताना तो आठवणीत ठेवा.

गावात कोणकोणती मुलं आहेत ते अंगणवाडी ताई, आशा कार्यकर्त्या आणि पंचायतीचे पुनर्वसन कार्यकर्ते (व्हीआरडब्ल्यू) यांना माहीत असतं. चालता न येणारी, कमी दिसणारी, गोंगाट सहन न होणारी, सगळ्यांची यादी करा आणि आईवडिलांना बैठकीला बोलवा. नातवंडांना घेऊन येणाऱ्या आजीआजोबांनाही विचारा. गुडघे त्यांचेही दुखतात, त्यामुळे कठड्याची आणि पाठ असलेल्या बाकांची मागणी बहुधा त्यांच्याकडूनच येते.

मग चुन्याची फक्की घेऊन आराखडा जागेवरच खऱ्या मापाने आखा. मुख्य वाट 1.8 मीटर रुंद ठेवा, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी अडत नाहीत. वळायला 1.5 मीटरचा मोकळा गोल लागतो. वाटेचा चढ 20 ला 1 पेक्षा जास्त नको. रॅम्प करावाच लागला तर 12 ला 1, म्हणजे 30 सें.मी. चढायला 3.6 मीटर लांबी. जागा कमी पडली की गवंडी हमखास इथेच चढ उभा करतो. उसनी व्हीलचेअर आणून आखलेल्या रेघांवरून फिरवून बघा. कागदावर न दिसणारं इथे दिसतं.

गेटची अडचण आपल्याकडे वेगळीच. जनावरं शिरू नयेत म्हणून नागमोडी पाइप किंवा फिरकी लावतात. म्हैस अडते, व्हीलचेअरही अडते. त्यापेक्षा आपोआप मिटणारं, किमान 90 सें.मी. मोकळी रुंदी असलेलं, उंबरा नसलेलं गेट घ्या.

खरा पैसा आणि खरी डोकेदुखी जमिनीत आहे. बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, अथणीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट पेव्हर घातले तर दुसऱ्या वर्षी ते वरखाली होतात आणि चाकं अडकतात. 45 सें.मी. काळी माती काढा, मुरूम 15-15 सें.मी.च्या थरांत भरा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवा. खानापूरकडे अडचण पावसाची. तिथे वाटेला आडवा उतार 50 ला 1 द्या आणि बाजूने गटार काढा, नाहीतर वाटेवर शेवाळ धरतं.

खेळण्यांखाली वाळू स्वस्त पडते, 30 सें.मी. थर पडल्याचा मार झेलतो. पण वाळूत व्हीलचेअर रुतते. सगळीकडे रबर घालणं बहुतेक पंचायतींना झेपत नाही. आमचं मत असं: ज्या झोपाळ्यापर्यंत वाट जाते तिथे रबर टाइल, बाकी ठिकाणी वाळू. टाइलखाली सपाट काँक्रीट हवं. पाया उंचसखल असला की कडा उचलतात, खाली पाणी साचतं आणि मुलं ठेचकाळतात.

आता खेळणी. पाठीला आधार आणि पट्टा असलेला एक झोपाळा, चार मुलं एकत्र बसतील असा टोपली-झोपाळा, जमिनीशी सपाट असलेलं चक्र आणि खाली गुडघे जातील असं वाळूचं टेबल (खाली 61 सें.मी. मोकळी जागा) एवढ्यात बरंच भागतं. झोपाळा 2.4 मीटरवर टांगला असेल तर पुढे आणि मागे प्रत्येकी 4.8 मीटर मोकळे सोडा. एका झोपाळ्याला अर्ध्या गुंठ्याहून जास्त जागा जाते, म्हणून खेळणी कमी घ्या. कठड्यांतल्या फटी 9 ते 23 सें.मी.च्या दरम्यान नकोत. अंग जातं आणि डोकं अडकतं. पत्र्याची घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून किंवा झाडाखाली, नाहीतर एप्रिल-मेच्या दुपारी चटके बसतात. सावलीला कडुनिंब किंवा करंज लावा. कण्हेर आणि बिट्टी विषारी, त्या नकोत.

झोपाळ्यांपासून लांब, तीन बाजूंनी आडोसा असलेला एक कोपरा ठेवा. गोंगाटाने घाबरणारं मूल तिथे शांत होतं. सूचनांसाठी मोठी चित्रं वापरा. फलक मराठीत की कन्नडमध्ये यावरून आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको, आणि चित्र तर न वाचणाऱ्या मुलालाही कळतं.

कोटेशन मागवताना नुसतं ‘सर्वसमावेशक संच’ असं लिहू नका. पाइपची जाडी, गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा मुलामा), पायाची खोली आणि पायाचं काँक्रीट जमिनीच्या पातळीखाली राहील, हे सगळं लिहून घ्या. दर महिन्याला साखळीचे एस-हुक तपासा. एक रुपयाचं नाणं शिरेल एवढी फट दिसली तर हुक बदला. आणि ठेकेदाराची अनामत पहिला पावसाळा उलटल्याशिवाय सोडायची नाही, हे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून (पीडीओ) करारातच घालून घ्या.