आश्रमशाळेत ‘दुखतंय’ सांगायला शिकवण्याआधी : सिस्टर आणि अधीक्षिकांसाठी तयारीची यादी

अनेक आश्रमशाळांत रोज हजर असणारी सिस्टर नसते. उपकेंद्राच्या एएनएम ताई (गावपातळीवरच्या परिचारिका) ठरल्या दिवशी येतात, आरबीएसकेचं म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीपुरतं येतं. एरवी पहिली ते चौथीची पोरं अधीक्षिका, स्वयंपाकघरातल्या मावशी आणि शेजारच्या गादीवरच्या सोबत्याच्या भरवशावर असतात. म्हणून ‘कुठे, कसं दुखतंय’ हे सांगायला शिकवणारा तास घ्यायला मुलांसमोर उभं राहण्याआधी त्यांचं ऐकणाऱ्यांची तयारी करून घ्यायची.

दिवस निवडताना सोमवार किंवा मंगळवार धरा, आणि शाळा उघडल्यानंतरचा दुसरा-तिसरा आठवडा. शनिवार, सणाच्या सुटीची आदली संध्याकाळ, पालकभेटीचा दिवस टाळा. कारण सरळ आहे: तास झाला की पुढचे दोन-तीन दिवस तक्रारींचा पूर येतो. आजवर न सांगितलेली खरूज, दुखरी दाढ, लघवीची जळजळ सगळं बाहेर पडतं. त्या वेळी सिस्टर फोनवरसुद्धा भेटत नसेल आणि कुणी ‘आता सगळ्यांनाच कसं दुखायला लागलं’ म्हणून खेकसलं, तर पोरं गप्प होतात आणि पुढच्या वेळी तोंड उघडत नाहीत.

आदल्या आठवड्यात मुख्याध्यापक, अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी आणि चौकीदार यांना वीस मिनिटं एकत्र बसवा. चौकीदाराला वगळू नका, रात्री जागा तोच असतो. तक्रार घेऊन आलेल्या मुलाला ‘नाटक’ किंवा ‘बहाणा’ हा शब्द ऐकवायचा नाही, हे आधी कबूल करून घ्या. मग प्रत्येक तक्रारीला तीच चार कामं ठरवा: ताप मोजायचा, डोळे आणि जीभ बघायची, पोटाला हलका हात लावायचा, सदरा वर करून श्वास बघायचा. काखेत ९९.५ च्या वर आकडा म्हणजे ताप. जून-जुलैत आणि दिवाळीच्या सुटीनंतर घरची आठवण पोटदुखी होऊन येते, हे खरं. तरीही तपासणी तीच. एकाच मुलाचं दोन आठवड्यांत तिसऱ्यांदा पोट दुखलं, तर डॉक्टरांकडे न्या आणि त्याच्याशी निवांत बोलाही. ही दोन्ही कामं करायची, एकाने दुसरं भागत नाही.

आजार माहीत असलेल्या मुलांची यादी काढून ती अधीक्षिकांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, भिंतीवर नको. दमा, फिट, हृदयाचा त्रास. आणि नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरकडे सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. सिकलसेलच्या मुलाचे हातपाय किंवा सांधे अचानक ठणकले, डोळे पिवळे झाले, धाप लागली किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहायची नाही. थंडी आणि पाणी कमी पडणं यांनी त्याचं दुखणं चाळवतं, म्हणून त्याला गार पाण्याच्या अंघोळीतून सूट आणि हाताशी पाण्याची बाटली.

सामान थोडंच लागतं. खाकी कागदावर एखाद्या मुलाला झोपवून त्याच्याभोवती खडूने आखलेली बाह्यरेषा, लाल टिकल्यांची दोन पाकिटं, हसरा-बरा-रडका अशी तीन तोंडं काढलेले पुठ्ठे, चालू थर्मामीटर आणि एक टॉर्च. सहा वर्षांच्या पोराला ‘कधीपासून’ सांगता येत नाही. ‘प्रार्थनेच्या आधी की जेवणानंतर’ हे सांगता येतं, तेव्हा प्रश्न तसेच तयार ठेवा. पावरी, भिली, कोरकू, माडिया बोलणाऱ्या मुलांना मळमळ, चक्कर, धाप हे शब्द ओळखीचे असतीलच असं नाही. सहावी-सातवीच्या त्याच भाषेच्या मुलांना आधी बोलावून त्यांचे शब्द वहीत उतरवून घ्या, आणि तासाला त्यातली दोघं शेजारी उभी करा.

एका तुकडीत वीस-पंचवीस मुलं, वेळ तीस मिनिटं. पहिली-दुसरी वेगळी, तिसरी-चौथी वेगळी. प्रत्येकाने बाह्यरेषेवर दुखणाऱ्या जागी एकदा टिकली लावायचीच. ‘समजलं का?’ असं विचारू नका, ‘हो सिस्टर’ असा कोरस येतो आणि त्याचा अर्थ शून्य असतो. त्याऐवजी एकाला सिस्टर करा, एकाला आजारी. ‘सुई देणार नाही’ असं वचन चुकूनही देऊ नका. उद्या द्यावी लागली तर सांगण्यावरचा विश्वासच उडेल. ‘द्यायची असली तर आधी सांगेन’ एवढं पुरे.

सगळ्यात जास्त वेळ रात्रीसाठी ठेवा. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या मुलांना मण्यार चावते ती बहुधा झोपेत. दात बारीक, दुखत फारसं नाही, सूज नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. मूल पहाटे उठतं ते पोटात दुखतंय म्हणत, किंवा उलटी करत. आधी सगळ्यांना ते अपचनच वाटतं. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, लाळ गिळता येत नाही, बोलणं नाकातून येतं, आणि शेवटी श्वास थकतो. मुलांना सापाच्या गोष्टी सांगून घाबरवायचं नाही. एकच वाक्य पाठ करून घ्या: ‘उठल्यावर पोटात दुखलं, किंवा सोबत्याचे डोळे उघडेनात, तर लगेच मोठ्यांना उठवायचं.’ मोठ्यांसाठीची सूचना वेगळी: मुलाला चालवू नका, दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, साप शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. सर्पदंशावरचं प्रतिविष आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) नेमकी कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वा ग्रामीण रुग्णालयात आहे, हे तासाच्या आधीच फोन करून विचारून ठेवा. विंचवाचंही तसंच: घाम, उलटी आणि गार पडलेले हातपाय दिसले, तर दंश किरकोळ समजायचा नाही.

मग रात्रीच्या वाटेचा सराव. प्रत्येक मुलाने आपल्या गादीपासून अधीक्षिकांच्या दारापर्यंत, दिवे घालवून, टॉर्च घेऊन एकदा चालून जायचं आणि दार वाजवायचं. यातच खऱ्या अडचणी कळतात: कडी उंच आहे, टॉर्चचे सेल गेलेत, वाटेत कुत्रा असतो, दार वाजवलेलं आत ऐकूच जात नाही. कडी खाली घ्या, घंटा बसवा. शेजारी झोपणाऱ्या दोघांची जोडी लावा. जोडीदाराचं काम फक्त सांगण्याचं. उचलायचं नाही, स्वतःजवळची गोळी द्यायची नाही. पहिल्या मोठ्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे जायचं, आणि ती तीन माणसं प्रत्येक मुलाने बोटावर मोजून दाखवायची.

काही गोष्टी ओझरत्या सांगितल्या तरी चालतात. लोहाची गुलाबी गोळी जेवणानंतरच. तिने शी काळी होते हे आधी सांगा, नाहीतर पोरं घाबरून गोळ्या खिडकीबाहेर टाकतात. सिकलसेलच्या मुलाला ती द्यायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. बोटांच्या बेचक्यात रात्री वाढणारी खाज लपवू नये, औषध मात्र खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी. कुत्र्याचा नुसता ओरखडासुद्धा सांगायचा. साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी लस.

लघवीच्या जागेचं दुखणं, अंथरूण ओलं होणं, कुणी नको तिथे हात लावणं यांसाठी मुलं आणि मुली वेगवेगळ्या बसवा, आणि टिकली पाठमोरं होऊन लावू द्या. हात लावणारं माणूस शाळेतलंच असू शकतं, म्हणून १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहा आणि फोन कुणाकडे मागायचा तेही ठरवा.

नोंदवहीत तारीख, वेळ, नाव, मुलाचे स्वतःचे शब्द, ताप, काय केलं, कुणाला कळवलं एवढे रकाने पुरतात. ‘पोटात काहीतरी फिरतंय’ असं ते म्हणालं तर तसंच लिहा, ‘पोटदुखी’ करू नका. पावसाळ्यात शंभर मुलांच्या वसतिगृहात आठवडाभर वही कोरी राहिली, तर आधी मावशींकडे आणि मग मुलांकडे एकेकट्याने चौकशी करा. दिवाळीनंतर गाद्यांच्या जागा आणि जोड्या बदलतात, कधी अधीक्षिकाही बदलतात. रात्रीच्या वाटेचा सराव तेव्हा पुन्हा घ्या, आणि टॉर्चचे सेलही नवे घाला.