मून जेलीफिश: पॉलिपपासून पिल्लांपर्यंत

मून जेलीफिशचं आयुष्य दोन रूपांत चालतं: तळाला चिकटलेला दोन-तीन मिलिमीटरचा पांढुरका पॉलिप आणि पाण्यात तरंगणारी छत्री. पॉलिप हाताशी असले की घरी पिल्लं मिळवण्याचं अर्धं काम झालं, कारण ते कळ्या फुटून आपोआप वाढतात.

काचेच्या बशीत ३२ ते ३५ पीपीटी (हजार भागांत तेवढे भाग मीठ) खारटपणाचं पाणी घ्या, तापमान २० अंशांच्या आसपास ठेवा. आठवड्यातून दोन-तीनदा नुकतीच अंड्यातून निघालेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) पिल्लं घाला. पोट भरलेला पॉलिप नारिंगी दिसतो. तीन-चार तासांनी पाणी बदलाच. उरलेलं अन्न रात्रभर राहिलं की कुजतं आणि अख्खी बशी हातची जाते.

पॉलिपपासून पिल्लं सुटावीत म्हणून थंड समुद्रातल्या जातीसाठी तापमान आठवडाभरात हळूहळू १० ते १२ अंशांवर आणा. (उष्ण पाण्यातल्या जातींना एवढी थंडी देऊ नका.) काही आठवड्यांत पॉलिप लांबतो, त्याला आडव्या खाचा पडतात आणि चकत्यांची उतरंड रचल्यासारखा दिसतो. सर्वांत वरची चकती आधी धडधडू लागते, मग सुटते. आठ पाकळ्यांच्या फुलासारखी ही एफायरा, म्हणजे जेलीफिशचं पिल्लू, फार सुंदर दिसते!

ती रुंद तोंडाच्या ड्रॉपरने उचला आणि मंद फिरत्या पाण्याच्या गोल टाकीत सोडा. एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) नको, बारीक बुडबुडे छत्रीखाली अडकून भोक पाडतात. रोज दोनदा खाऊ घाला, उपाशी राहिली तर आक्रसते.

बशीत उरलेला पॉलिपचा बुंधा फेकू नका. त्याला पुन्हा तंतू फुटतात.