मुरूम, वाळू की ओला टर्फ: हॉकीत मैदान ओळखून खेळ कसा बदलायचा

हॉकीचं मैदान जगात कुठेही ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंदच असतं. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. पण चेंडू ज्यावरून धावतो ती जमीन आणि डोक्यावरची हवा प्रत्येक गावात वेगळी असते, आणि खेळ खरा तिथे बदलतो. याची सगळ्यात महागडी शिकवणी भारतालाच मिळाली. १९७५ मध्ये क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकलेला संघ पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच वापरलेल्या कृत्रिम टर्फवर उतरला आणि सातवा आला. १९२८ पासून एकही ऑलिंपिक पदकाविना गेलेलं नव्हतं.

आपल्याकडचा खेळाडू आजही हीच उडी मारतो. शाळेत मुरमाड मैदान आणि निवड झाली की थेट बालेवाडी किंवा चर्चगेटचा टर्फ. पुढे इंग्लंडमध्ये शिकायला गेला की क्लबचं वाळूचं टर्फ. खाली लिहिलंय ते या उडीसाठी.

सामन्याआधी मैदान तपासा

सामन्याच्या तासभर आधी पोहोचा. पायात सामन्याचेच बूट आणि हातात सामन्याचीच स्टिक असू द्या.

बॅकलाइनवरून २३ मीटरच्या रेषेकडे नेहमीच्या जोराने एक पुश मारा, म्हणजे स्टिक मागे न नेता चेंडू ढकला. चेंडू रेषा ओलांडतो का, की आधीच मरतो? शेवटच्या पाच मीटरमध्ये सरळ घरंगळतो की टुणटुण उडतो? हेच उलट दिशेने करा, मग आडवं, मग दुसऱ्या अर्ध्या मैदानात. चारही पुश सारखे गेले तर मैदान एकसारखं आहे. तसं क्वचितच होतं. एका बाजूला स्टँडची सावली असते, तिथला टर्फ ओला राहतो आणि उन्हातला कोरडा पडतो, म्हणजे एकाच सामन्यात दोन वेग.

मग कमरेच्या उंचीवरून चेंडू सोडून उसळी बघा. तळहात टर्फवर दाबा: पाण्याचं टर्फ असेल तर हात ओला झाला पाहिजे, वाळूचं असेल तर तळव्याला किती वाळू चिकटली ते दिसतं.

शेवटी डी, म्हणजे गोलसमोरचं अर्धवर्तुळ. पेनल्टी कॉर्नरला (बचावाच्या फाऊलबद्दल मिळणारी गोलची संधी) चेंडू बाहेर टाकायची जागा (गोलखांबापासून १० मीटर), डीच्या माथ्यावर तो ट्रॅप करायची, म्हणजे स्टिकने थांबवायची जागा आणि गोलसमोरचा पट्टा नीट पायाखाली घ्या. वापर सगळ्यात जास्त इथेच होतो, त्यामुळे खड्डा, वाळू उडालेला पट्टा किंवा उचकटलेली शिवण इथेच सापडते. कॉर्नरला चेंडू टाकणाऱ्याने आणि ट्रॅप करणाऱ्याने दोन्ही बाजूंनी पाच-पाच चेंडू खेळून बघितल्याशिवाय ड्रेसिंग रूममध्ये जाऊ नये.

मुरूम आणि गवत

मैदान तयार करायचं काम तुमच्याकडे असेल तर पाणी आदल्या संध्याकाळी मारा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी रोलर फिरवा. सामन्याच्या तोंडावर पाणी मारलं तर वरचा थर निसरडा होतो आणि आत सगळं कोरडंच राहतं. रोलर फिरवण्याआधी चार-पाच जणांनी ओळीत चालत खडे वेचावेत, नाहीतर रोलर ते जमिनीत बसवतो आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर येतात. फक्कीसाठी कळीचा चुना कधीच वापरू नका. घामाने भिजलेल्या कातडीला आणि डोळ्याला तो भाजतो.

ट्रॅप करताना स्टिक उभी धरा आणि हँडल चेंडूच्या दिशेने पुढे झुकवा, म्हणजे उसळणारा चेंडू स्टिकवर चढून अंगावर येण्याऐवजी खाली दाबला जातो. डावं मनगट घट्ट, उजवा हात सैल. चेंडू उजव्या पायाच्या थोडा पुढे घ्या, पायांच्या मधे नको. तिथे उसळला तर पायाला लागून फाऊल जातो. नजर शेवटच्या टप्प्यापर्यंत चेंडूवरच हवी. खडा असेल तर तो शेवटच्या दोन मीटरमध्येच दगा देतो.

पास आठ-दहा मीटरचे आणि जमिनीलगत पुश केलेले द्या. लांब हिट उसळत जाते आणि समोरच्याच्या अंगावर आली तर पंच धोकादायक खेळ म्हणून तुमच्याविरुद्ध शिट्टी वाजवतात. पावसात डबकी साचली की चेंडू तिथे थबकतो. डबकं कुठे आहे हे माहीत असलेला आघाडीपटू तिथे आधीच पोहोचतो, आणि बचावपटूने अशा वेळी सरळ स्कूप करून चेंडू डबक्यावरून पलीकडे टाकावा.

मातीवर वाढलेल्या खेळाडूला कमी लेखू नये. खडकीत वाढलेला धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळला. उसळत्या चेंडूने हात मऊ होतात, आणि ती कमाई टर्फवर वाया जात नाही. बदलावी लागते ती स्टिकची उंची आणि पासची लांबी.

वाळूचं टर्फ

इंग्लंड-आयर्लंडच्या क्लबांत आणि शाळांत हेच सगळ्यात जास्त. कृत्रिम गवताच्या धाग्यांमध्ये वाळू भरलेली असते, पाणी मारावं लागत नाही. चेंडू पाण्याच्या टर्फपेक्षा हळू आणि किंचित उसळत जातो, म्हणून स्टिक पूर्ण आडवी टाकून ट्रॅप करू नका. ४५ अंशांच्या आसपास ठेवा. दहा मिनिटं चांगला पाऊस पडला की हेच मैदान एकदम वेगवान होतं. पास थोडे हलके करा.

इथे स्टिकचं नुकसान जास्त होतं. उलट्या बाजूने हिट मारताना स्टिकची कड वाळूवर घासते आणि टोकाचा थर सोलला जातो. सरावाला जुनी स्टिक ठेवा. सोललेल्या जागी धारदार तंतू वर आले असतील तर ते घासून गुळगुळीत करून टेप लावा, कारण खडबडीत कडेची स्टिक पंच मैदानाबाहेर पाठवू शकतात. घसरत टॅकल टाळा. गुडघा सोलवटला तर लगेच साबण-पाण्याने धुऊन वाळूचे कण काढा आणि झाका. कण आत राहिले की जखम चिघळते.

पाण्याचं टर्फ

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा गेली अनेक वर्षं यावरच होत आल्या आहेत. लंडन २०१२ ला निळं टर्फ आणि पिवळा चेंडू आला, कारण पडद्यावर आणि मैदानात चेंडू चटकन दिसावा. या टर्फचे धागे आखूड आणि दाट असतात, त्यात वाळू नसते आणि खाली लवचिक थर असतो. पाण्यामुळे घर्षण घटतं, चेंडू न उसळता धावतो, पडलात तर कातडी कमी सोलते आणि पृष्ठभागही गार राहतो.

किती पाणी लागतं? कडेची मोकळी जागा धरून मैदान १०१.४ बाय ६३ मीटर, म्हणजे जवळपास ६,४०० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ६,४०० लिटर. तीन मिलिमीटर मारलं तर दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर, आणि तेही एका वेळचं. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरने पाणी येतं तिथे हा हिशोब टाळता येत नाही. जागतिक संघटना एफआयएच पाण्याविना चालणाऱ्या टर्फकडे वळते आहे ती याचमुळे, आणि ते योग्यच आहे.

पाणी मारताना मैदानाबाहेर उभं राहून फवारे बघा. वाऱ्याने फवारा एका बाजूला वाहून जातो आणि वाऱ्याकडचा कोपरा कोरडा राहतो. तो कोपरा लक्षात ठेवा: तिथे चेंडू अचानक मंदावतो आणि बूट जास्त पकडतो. भर उन्हात एका क्वार्टरच्या (सामन्याच्या चौथ्या भागाच्या) आतच कडा सुकायला लागतात.

मातीवरून आलेल्या खेळाडूच्या इथे तीन ठरलेल्या चुका होतात. पहिली, तो ताठ उभा राहतो. चेंडू उसळणार नसतो, त्यामुळे गुडघे खोल वाकवा, हात खाली आणा आणि स्टिक जमिनीलगत, गरज पडली तर पूर्ण आडवी टाका. दुसरी, तो चेंडू थांबवून मग पुढे बघतो. इथे चेंडू येण्याआधीच मान वळवून मैदान बघितलेलं हवं आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू पुढच्या दिशेला वळवायचा. थांबवला तर टॅकल अंगावर आलेला असतो. तिसरी, तो पास धावणाऱ्याच्या पायात देतो. ओल्या टर्फवर पास पुढे द्या आणि वीस-पंचवीस मीटरवरून द्यायला घाबरू नका, चेंडू वेग सोडत नाही.

ओल्या टर्फवर खाचा असलेला डिंपल चेंडू वापरतात. गुळगुळीत चेंडू पाण्याच्या थरावर सटकत जातो आणि वेगाचा अंदाज येत नाही.

गोलरक्षकासाठी: ओल्या टर्फवर पॅडला लागलेला चेंडू वेगाने सुटतो, म्हणून तो बाजूला कोणत्या दिशेने पाठवायचा हे आधी ठरवा. टर्फ सुकलं की लांबून घसरत येणं सोडा. पॅड मधेच अडकतो आणि तुम्ही अर्ध्या वाटेत बसून राहता.

पाणी न मारता याच टर्फवर खेळावं लागलं, जे आपल्याकडे सरावात सर्रास होतं, तर चेंडू उसळणार हे धरून चाला आणि अचानक वळण्याचे सराव कमी करा. कोरड्या धाग्यांत बूट रुततो, शरीर वळतं आणि घोटा किंवा गुडघा मागे राहतो.

ऊन, वीज, थंडी, वारा

उन्हात कृत्रिम टर्फ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि ती धग तळव्यातून वर येते. मे महिन्यात नागपूरला दुपारी सामना ठेवणं चूकच. सकाळी नऊच्या आत संपवा नाहीतर संध्याकाळी ठेवा. दर पंधरा-वीस मिनिटांनी १५० ते २५० मिलिलिटर पाणी, म्हणजे प्रत्येक क्वार्टरनंतर न चुकता. सरावाआधी आणि नंतर वजन करा: एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्यायचं, सोबत मीठ किंवा ओआरएस. नुसतं पाणी ढोसलं तर पेटके थांबत नाहीत. थंड प्रदेशातून उष्ण ठिकाणी खेळायला जाणार असाल तर शरीराला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. खेळाडू गोंधळलेलं बोलायला लागला, अडखळायला लागला तर त्याला लगेच सावलीत घ्या, किट उतरवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा.

मलेशियात, अझलन शाह चषक होतो त्या इपोहला, दुपारनंतर गडगडाट नेहमीचाच. गडगडाट ऐकू आला की मैदान सोडा आणि शेवटच्या आवाजानंतर ३० मिनिटं परत येऊ नका. या थांब्यात अंग थंड पडतं, म्हणून परतल्यावर दहा मिनिटं वॉर्म-अप पुन्हा.

थंडीत वॉर्म-अप २० ते २५ मिनिटांचा करा आणि पहिली पाच मिनिटं पूर्ण वेगाने धावू नका, मांडीमागचा स्नायू तेव्हाच जातो. कार्बनचं प्रमाण जास्त असलेली स्टिक गारठ्यात हाताला झिणझिण्या आणते. पातळ हातमोजे घाला. नेदरलँड्स आणि जर्मनीत कडाक्याच्या थंडीत खेळ सभागृहात जातो. इनडोअरचं मैदान ३६ ते ४४ मीटर लांब, कडेला लाकडी फळ्या, हिट मारायला मनाई, आणि गोलवर मारतानाचा अपवाद सोडला तर चेंडू उचलायचाही नाही. तिथे फळीवरून परत येणाऱ्या चेंडूचा कोन ओळखणं हे निम्मं कौशल्य. बूट गम सोलचे, डाग न पाडणारे.

पर्थला उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून जोराचा वारा सुटतो. असा वारा असेल तर टॉस जिंकल्यावर बाजू निवडायचा विचार करा: पहिल्या दोन क्वार्टरमध्ये कोणत्या गोलवर चाल करायची हे तुम्ही ठरवता आणि मध्यंतरानंतर बाजू बदलते. वाऱ्याविरुद्ध स्कूप उंच मारला की चेंडू हवेत थांबतो आणि प्रतिस्पर्ध्याला खाली येऊन उभं राहायला वेळ मिळतो. चेंडू खाली ठेवा.

नैरोबी आणि जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण १,७०० ते १,८०० मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे ओव्हरहेड पास नेहमीपेक्षा लांब पडतो आणि पहिले काही दिवस दमही लवकर लागतो. हॉकीत कितीही वेळा खेळाडू बदलता येतात, तेव्हा आघाडीपटूंना नेहमीपेक्षा कमी मिनिटांच्या पाळ्या द्या.

बूट आणि किट

मुरूम-गवताला रबरी स्टड, टर्फला बारीक रबरी दाणे असलेले बूट. स्टडचे बूट घालून टर्फवर गेलात तर टर्फ फाटतं आणि पायही अडकतो. दमट हवेत ग्रिप घामाने सुटते, म्हणून दोन सुटी ग्रिप आणि एक कोरडा टॉवेल बेंचवर ठेवा.

सामना संपला की गोलरक्षकाचे ओले पॅड आणि किकर्स (बुटांवर चढवायची फोमची जाड आवरणं) बॅगेतून त्याच दिवशी बाहेर काढा, सावलीत पंख्याखाली उभे करून वाळवा. कडक उन्हात किंवा बंद गाडीत ठेवले तर फोम आकार सोडतो, आणि आकार गेलेल्या किकरवरून चेंडू हव्या त्या दिशेला जात नाही.