संशोधन कॉमिक्समध्ये मांडताय? या चुका टाळा

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रबंध आधी लिहून काढायचा आणि मग त्याचे तुकडे संवादाच्या फुग्यांत कोंबायचे. चष्मेवाली निवेदिका कोपऱ्यात उभी राहते, बोट वर करते आणि दोन परिच्छेद बोलून मोकळी होते. अशा पानावरची चित्रं हाताने झाकून पाहा. तरीही सगळं कळत असेल, तर ते सजवलेलं टिपण झालं. निक सुसॅनिस यांनी २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात डॉक्टरेटचा अख्खा प्रबंध कॉमिक्समध्ये सादर केला आणि पुढच्याच वर्षी हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो 'अनफ्लॅटनिंग' नावाने छापला. त्यात युक्तिवादाचा अर्धा भार पानाच्या रचनेवरच आहे. म्हणून लेखन आणि कच्ची रेखाटनं पहिल्या दिवसापासून बरोबरीने चालू द्या.

दुसरी चूक माझी स्वतःची. चाळीत वाढलेल्या एका आजींची मुलाखत मी कॉमिकमध्ये आणत होते. "पहाटे नळावर रांग असायची," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मी झकास रांग काढली. पान पाहून आजी म्हणाल्या, "अगं, या प्लास्टिकच्या बादल्या कुठून आणल्यास? आमच्या हातात कळश्या असायच्या. आणि नळ जिन्याखाली होता, उघड्यावर नाही." लिहिताना 'रांग' म्हटलं की भागतं. काढताना भांडं, जिना, उजेड, सगळं ठरवावंच लागतं, आणि माहीत नसलं की हात बिनदिक्कत थापा मारतो. आता मी मुलाखतीला वही घेऊन बसते आणि समोरच काढून विचारते, "असं होतं का?" निम्मी माहिती त्या दुरुस्त्यांतूनच येते.

पण साक्ष आणि कागदपत्रं जुळलीच नाहीत तर? गुपचूप एक बाजू निवडू नका. नाझी छळछावणीतून वाचलेल्या वडिलांवरच्या 'माउस' या कॉमिकमध्ये आर्ट स्पीगेलमन त्यांना ऑशविट्झ छावणीच्या फाटकाशी वाजणाऱ्या, कागदपत्रांत नोंद असलेल्या वाद्यवृंदाबद्दल विचारतात. वडील म्हणतात, मला फक्त चालणं आठवतं. स्पीगेलमन आधी वाद्यवृंद काढतात आणि पुढच्या चौकटीत कैद्यांची रांग त्याच्या पुढून चालवतात. मागे वाद्यांची टोकं तेवढी डोकावतात. कागदपत्रंही राहिली, वडिलांचा शब्दही. तळटीपेला हे इतक्या नेटकेपणाने जमलं नसतं.

चौकटींचा साचा डोळे मिटून उचलणं हीही चूकच. आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या 'भीमायन'मध्ये (२०११) दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांनी चौकोनी खिडक्या नाकारल्या आणि पान दिग्नाच्या, म्हणजे गोंड घरांच्या भिंती-जमिनीवर काढतात त्या पारंपरिक, वळणदार नक्षीने विभागलं. मवाळ बोलणं पाखराच्या आकाराच्या फुग्यात, विखारी बोलणं विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. महाडच्या पाण्याची गोष्ट सांगताना कोण कसं बोलतंय, हे त्यामुळे वाचण्याआधीच कळतं.

फुग्यातले शब्द ध्वनिमुद्रणातले की तुमचे, हे मात्र वाचकाला कळू द्या. शब्दशः उतरवलेलं अखंड रेषेच्या फुग्यात, रचलेलं तुटक रेषेच्या फुग्यात, आणि पहिल्या पानावर तशी एक ओळ. परीक्षकांचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

आता मराठीचं खास दुखणं: अक्षरलेखन. फुगा इंग्रजीच्या मापाने काढला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. म्हणून आधी अक्षरं लिहा, फुगा नंतर ओढा, आणि दोन ओळींत सढळ जागा सोडा. संगणकावर जोडाक्षरं फुटून हलन्त दिसू लागले किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पळाली, तर फाँटला शिव्या घालण्याआधी सेटिंग बघा. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडावा लागतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडावा लागायचा. छपाईला देण्याआधी पानाचा एक प्रिंट काढून 'विद्यार्थी' आणि 'दृष्टी' तेवढे तपासा. माझं पहिलं पोस्टर 'विद्‌यार्थी'सकट भिंतीवर लागलं होतं.